पाण्यातला किल्ला : सोसायटीतल्या मुलांसोबत, दिवाळी २०२५ (कामाच्या नोंदी)

या नोंदी काम चालू असतानाच रात्री मोबाइलवर टाईप केल्यात, नंतर थोडं जुळवून घेतलंय इतकंच. पुढच्या दिवाळीत ज्यांना मुलांना घेऊन जलदुर्ग करायचाय त्यांना माती, पाणी, अळीव, खर्च याबाबतीत उपयोग होईल. आणि दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते, ती म्हणजे मुलांना नुसतं चिखल कालवायला न ठेवता ठरवू दिलं की काय होतं. ठिकाण पुणे, सिंहगड रोड, पार्किंगच्या मागचा कोपरा, खाली पेव्हर ब्लॉक त्यामुळे खणता येत नाही. मुलं पहिली ते आठवी, मोठी माणसं आम्ही चार-पाच जण जमेल तशी.

६ ऑक्टोबर, सोमवार, कोजागिरी

गच्चीवर दूध आटेपर्यंत किल्ल्याची चर्चा झाली. मोठ्यांच्या मनात राजगड पक्का होता, पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या आणि मधे बालेकिल्ला, आकार ओळखीचा आहे, एकाने तर नकाशाची प्रिंटही स्केलसकट आणली होती. मुलांना मात्र शाळेत जुलैपासून युनेस्कोच्या यादीतले मराठ्यांचे १२ किल्ले तोंडपाठ झालेत, महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी, ते त्यांनी एका दमात म्हणून दाखवले. पहिलीतल्या मुलाने विचारलं, "यातले पाण्यात कुठले?" खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग, आणि विजयदुर्गाला तीन बाजूंनी पाणी. "मग पाण्यातलाच करू ना, बोटीनं जाता येईल."

यावर आमच्याकडून लगेच अडचणींची यादी निघाली. पाणी गळणार, डास होणार, लायटिंगची वायर पाण्यात जाणार, माती विरघळणार. सगळ्या अडचणी खऱ्या होत्या आणि पुढे त्यातल्या बहुतेक आल्याही. पण दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले की अरे ही कारणं तर महाराजांनाही कुणीतरी सांगितली असतील, बांधलाच ना समुद्रात. तिथंच ठरलं. सहावीतली मुलगी मे महिन्यात मालवणला जाऊन आली होती म्हणून सिंधुदुर्ग.

एक नियम केला, हा सगळ्यांनी करावा असं मी सांगेन : काय कुठं ठेवायचं, कुणी तिथं राहायचं, हे मुलांनी ठरवायचं. वजन उचलणं, विटा फोडणं, वायर, ब्लेड हे मोठ्यांचं. मोठ्यांना नको म्हणायचं असेल तर कारण सांगायचं, आणि कारण मुलांना पटलं नाही तर आधी करून बघायचं.

८ ऑक्टोबर, बुधवार

नकाशे. आमचा सॅटेलाइट फोटोवरून काढलेला, नागमोडी तट, बुरूज, दरवाजा, शिवराजेश्वराचं मंदिर. मुलांचा जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे, चौघा-पाच जणांनी एकाच वेळी चार बाजूंनी काढलेला, त्यामुळे अर्धी माणसं उलटी. त्यात तट जेमतेम एक रेघ आणि आत भरगच्च वस्ती : स्वयंपाकघर, धुणं वाळत घालायची दोरी, मासे ठेवायची टोपली, आजारी माणसाची खोली, कुत्रं. एका चौकोनावर लिहिलेलं, "घाबरणाऱ्यांची खोली". ही पहिलीतल्या मुलाची. त्याला फटाक्यांच्या आवाजाची फार भीती वाटते हे सगळ्या बिल्डिंगला माहितीये, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

मग त्यानेच विचारलं, "रात्री सू लागली तर मावळा कुठं जातो?"

सगळे हसले, तो हसला नाही. खरंच विचारत होता तो. चारी बाजूंनी पाणी, दरवाजा रात्री बंद, बाहेर जायचं नाही, मग जायचं कुठं? कुणालाच सांगता येईना म्हणून आजोबांनी त्यांच्याकडचं गडकिल्ल्यांचं पुस्तक आणलं आणि त्यात होतं की सिंधुदुर्गाच्या तटातच शौचकूप बांधलेले आहेत. ज्यांनी किल्ला बांधला त्यांनीही हा प्रश्न विचारलाच होता म्हणजे. आम्ही इतकी वर्षं दिवाळीत रायगड, प्रतापगड, तोरणा करतोय, तोफा मोजून लावतो, पण एकदाही कुणी शौचकूप केला नव्हता.

झोपताना माझ्या डोक्यात हेच होतं. आम्ही किल्ला कसा दिसतो तिथून सुरुवात करतो, मुलं तिथं राहायचं कसं तिथून करतात. बांधणाऱ्याचा विचारही तिथूनच सुरू झाला असणार. मुलांची कल्पनाशक्ती म्हणजे काहीही मनाला येईल ते, असं आपण धरून चालतो, पण या कॅलेंडरमागच्या नकाशात फुकटची एकही गोष्ट नव्हती, प्रत्येक चौकोन कुणाच्या तरी गरजेचा होता.

११ ऑक्टोबर, शनिवार

पाया आणि समुद्र. जागा ९ फूट बाय ७ फूट. कडेने विटांचा बांध, एकावर एक दोन थर, चिखलात बसवलेले. आत सी विंगमधल्या फ्लॅटच्या तोडफोडीचं डबर पसरलं, फुकट मिळालं म्हणून. त्यावर निळी ताडपत्री १२ बाय ९ ची आणि त्यात ३ इंच पाणी, म्हणजे बेटाची जागा सोडून हिशोबाने ३०० लिटरच्या आसपास. नळीने भरायला बराच वेळ लागला, मुलांनी तेवढ्यात कागदाच्या होड्या सोडून घेतल्या.

रात्री नऊला वॉचमनदादांचा फोन, पार्किंगमध्ये ओहोळ आलाय, दोन स्कूटरी पाण्यात उभ्या. डबरातल्या टाइल्सच्या कपच्यांनी ताडपत्रीला खालून भोकं पाडली होती, तीही एक-दोन नाही, उजेडासमोर धरली तर चाळणी. त्यात मुलं पाण्यात उतरून नाचली होती, सगळं वजन कपच्यांवर. ताडपत्रीचे ६५० रुपये पाण्यात गेले असं वाटलं होतं पण दुसऱ्या दिवशी वाचली, खाली लिहिते.

१२ ऑक्टोबर, रविवार

सगळं उचललं. शनिवारचं काम पूर्ण वाया. आता जे केलं ते असं, आणि हे टिकलं :

डबर तळातून पूर्ण काढलं. पेव्हर ब्लॉकवर आधी चाळलेल्या ओल्या मातीचा बोटभर थर, हाताने सारखा केलेला, त्यात बारीक खडा पण ठेवायचा नाही. त्यावर गणपतीतल्या मंडपाचा जुना फ्लेक्स दुहेरी. त्यावर ताडपत्री, भोकांवर दोन्ही बाजूंनी सायकलच्या ट्यूबचे तुकडे सोल्यूशनने चिकटवले (पंक्चरवाल्या काकांनी शिकवलं, घासून कोरडं केल्याशिवाय सोल्यूशन धरत नाही). कोपरे कापायचे नाहीत, पाकिटासारखे घडी घालून बांधावरून बाहेर काढायचे आणि वर वीट ठेवायची. भरल्यावर तासभर कुणी आत उतरायचं नाही. गळती बंद.

मग बेट. आमचा बेत डबराचा ढीग करून त्यावर माती थापायचा, पण डबर परत ताडपत्रीवर ठेवणार कसं? आम्ही थर्माकोल, पुठ्ठा, जुन्या गाद्या असं बोलत होतो. तेवढ्यात धाकटी पोरं रिकामी घमेली आणि फुटक्या बादल्या पालथ्या घालून त्यावर बसली होती आणि एकजण बादलीच्या भोकातून आत बघत होता. तो म्हणाला, "काकू, आतून पोकळच ठेवू, मग आत बघता येईल." त्याला आत बघायचं होतं, आम्हाला वजन कमी करायचं होतं, दोन्हीचं उत्तर एकच निघालं. पाच पालथी घमेली, तीन बादल्या, मधल्या फटीत गोणपाटाचे बोळे. अशा मापाच्या किल्ल्याला आम्हाला एरवी २५ पोती माती लागते, यावेळी १४ मध्ये भागलं. शिवाय पोकळीमुळे खोल्या आपोआप मिळाल्या, कडेला माती न लावता एक बादली आडवी ठेवली ती "घाबरणाऱ्यांची खोली" झाली.

१३ ऑक्टोबर, सोमवार

संध्याकाळी लिंपण. कोरडी माती सरळ थापली तर उभ्या बाजूने घसरते, पहिला थर अर्ध्या तासात खाली बसला. उपाय जुनाच, गोणपाट चिखलाच्या पातळ राबडीत पूर्ण बुडवून घमेल्यांवर अंथरायचं आणि त्यावर थापायचं, तंतू माती धरून ठेवतात. तटाला अद्धे विटांचे तुकडे, वर गेरू आणि चुन्याचा हात.

अळीव. एका घरून अळीव आदल्या रात्रीच भिजवून आणले होते, लवकर उगवावेत म्हणून. भिजवले की त्यांचा गिळगिळीत गोळा होतो, तो पसरता येत नाही, बोटाला चिकटून गठ्ठ्यानेच पडतो आणि कुजतो. ते फेकावे लागले. अळीव कोरडेच, ओल्या मातीवर, मिठासारखे चिमटीने भुरभुरायचे, उभ्या बाजूवरही आपले आपण चिकटतात. तीन-चार दिवसांत अंकुर, हिरवंगार दिसायला आठवडा धरा. त्या मानाने आम्हाला उशीरच झालाय.

आज दरवाजा पण झाला आणि त्यावरून वाद. आमच्यातल्या एकाने छान कमान केलेली, समोरून दिसेल अशी. मालवणवाली म्हणाली, असा नाहीये, होडी पार जवळ गेली तरी दरवाजा कुठाय कळत नाही, दोन बुरुजांच्या मधे वळून आत आहे. आम्ही म्हटलं बरोबर आहे पण मग बघायला येणाऱ्यांना दरवाजाच दिसणार नाही, चूक वाटेल. मग तिने आम्हाला खाली झोपायला लावलं. खरंच, पोटावर, गाल पेव्हर ब्लॉकला टेकवून. मुलं दिवसभर तसंच बघत होती, आम्ही उभं राहून वरून. पाण्याच्या पातळीला डोळा नेल्यावर तट एकदम डोक्यावर आला, सलग भिंत, कुठंही फट नाही, आणि दरवाजा ज्या वळणात ठेवायचा ती म्हणत होती तिथं नजर जातच नव्हती. शत्रू होडीतून येणार, त्याची नजर इथंच असणार. गोमुखी रचना हा शब्द मी शाळेपासून ऐकत आलेय, ती रचना कशासाठी ते मला आज जमिनीवर आडवं पडल्यावर समजलं. कमान तोडली, दरवाजा वळणात लपवला.

दरवाजातून आत गेल्यावर मूळ किल्ल्यात महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे. आम्ही म्हटलं एकाने हाताचा ठसा उमटवा, तर मुलांचं म्हणणं हात मापात पाहिजे, मावळ्याच्या तळहाताएवढा. शेवटी एका छोट्या बाहुलीचा हात मातीत दाबला. नखाएवढा ठसा, पण पाच बोटं दिसतात.

१५ ऑक्टोबर, बुधवार

मंगळवार-बुधवार नुसतं पाणी मारणं, कारण चाचण्या चालू. स्प्रेच्या बाटलीनेच मारायचं, नळी लावली तर अळीव वाहून जातात.

पारवे अळीव खाऊन गेले, पूर्वेची पूर्ण बाजू बोडकी. धाकट्यांनी सुचवलं की त्यांना बाजूला तांदूळ ठेवू, त्यांचा वाटा मिळाला की आपलं खाणार नाहीत. ठेवून बघितलं. दुपटीने पारवे आले आणि तांदूळ संपवून अळिवाकडे वळले. मग जुनी मच्छरदाणी टाकली, ती अंकुर येईपर्यंत ठेवायची. मुलांचं सगळं बरोबरच निघतं असं अजिबात नाही. पण करून बघितल्यावर त्यांना ते पटकन मान्य होतं, तांदळाची कल्पना ज्याची होती त्यानेच मच्छरदाणी धरली, "बरं मग हे" एवढंच म्हणाला. आम्हा मोठ्यांत एखाद्याची सूचना चुकली की दोन दिवस तो गप्प असतो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आजचा दिवस सगळ्यात जास्त खर्ची पडला आणि सगळ्यात जास्त शिकवून गेला.

सकाळी पाण्याच्या काठचा अळीव पिवळा पडून आडवा. वरचा ठीक, फक्त पाण्यालगतची चार बोटं मेलेली, सगळ्या बाजूंनी सारखी. आम्ही मातीला दोष देत होतो, मग कुणीतरी बोट बुडवून चाखलं. खारट! तिसरीतल्या दोघी जुळ्यांनी मंगळवारी दुपारी मिठाचे तीन पुडे ओतले होते. समुद्र गोड कसा असेल, असं त्यांचं म्हणणं. खाऊच्या पैशातून आणलेले पुडे, कुणाला सांगितलं नव्हतं कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असंच त्यांना वाटलं नाही. ३०० लिटरला ३ किलो म्हणजे एक टक्का, कोवळ्या अंकुराला पुरेसं आहे. मातीने आणि गोणपाटाने ते पाणी वर ओढून घेतलं आणि ओढलं तिथपर्यंत अळीव गेले.

दोघी रडवेल्या. मी काही बोलायच्या आत त्यातली एक म्हणाली, "मग खऱ्या किल्ल्यावर झाडं कशी जगतात? आणि माणसं पाणी काय पितात?"

मालवणवालीने सांगितलं की तिथं आत विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव, साखरबाव, आणि तिने स्वतः प्यायलंय, गोड पाणी. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि मधे गोड्या विहिरी. याआधी हे मी पाठ्यपुस्तकातल्या ओळीसारखं ऐकलं होतं. आज समोर मेलेला अळीव होता, त्यामुळे त्या तीन विहिरी म्हणजे काय ते कळलं. कुरटे बेट किल्ल्यासाठी निवडताना खडक, खोली, किनाऱ्यापासूनचं अंतर बघितलं असेलच, पण गोडं पाणी नसतं तर तट कितीही उंच बांधून उपयोग नव्हता, आत माणूस टिकलाच नसता. मुलांनी लगेच आपला नकाशा बदलला, विहिरी मधोमध आणल्या, स्वयंपाकघर विहिरींजवळ सरकवलं, धुण्याची दोरी लांब नेली. विहिरींना श्रीखंडाचे रिकामे डबे, कडेने चिखलाचा कठडा, आणि त्यात भरायला घरून प्यायचं पाणी आणलं, नळाचं नाही.

बाकी दुरुस्ती : सगळं पाणी उपसलं. खारट असल्याने बागेत घालता येत नाही, गटारात सोडावं लागलं, याचं वाईट वाटलं, कारण आमच्याकडे एक दिवसाआड टँकर येतो. काठची चार बोटं माती खरवडून टाकली, नवी लावली, पुन्हा अळीव. ताडपत्रीचा काठ बेटाच्या पायथ्याशी तीन इंच वर उचलून घेतला म्हणजे पाणी मातीला थेट लागत नाही. हे मीठ नसतानाही करायला हवं, नाहीतर बेट खालून मऊ होत जातं. जलदुर्ग करणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी करा.

नवीन पाणी भरल्यावर डासांचा प्रश्न. एका घरी गप्पी मासे होते, ते डासांच्या अळ्या खातात. नळाचं पाणी एक दिवस तसंच ठेवून मग सोडले. पाणी हलतं राहायला यूएसबीवर चालणारा छोटा पंप, पॉवर बँकेवर, म्हणजे पाण्याजवळ घरातली वीज न्यावी लागत नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, वसुबारस

शाळेला सुट्टी लागली. कुंभारवाड्यातून किल्ल्यावर मांडायची मातीची चित्रं आणली. महाराज सिंहासनावर, मावळे, तोफा, गवळण, एक गाय-वासरू आजच्या दिवसासाठी. यावेळी मुलांनी मागितलेली चित्रं वेगळी होती, कोळी, पाणी आणणारी बाई, गवंडी. गवंडी मिळाला नाही, भाजीवाल्याच्या हातात काडीची थापी चिकटवली.

मग जेसीबी. दुसरीतल्या मुलाने आपला पिवळा जेसीबी तटावर आणून ठेवला आणि मोठ्यांमध्ये खळबळ. शिवकाळात जेसीबी? आजोबा स्पष्ट म्हणाले, महाराजांच्या समोर चालणार नाही. तो म्हणाला, "पण किल्ला बांधतायत ना अजून." आठवीतल्या मुलाने त्याला समजावलं की हे काम १६६४ च्या नोव्हेंबरात सुरू झालं आणि तीन वर्षं चाललं, तेव्हा यंत्र नव्हतं, पाया भरताना शिसं ओतून दगड बसवले, सगळं माणसांनी केलं. त्यावर दुसरीतला बराच वेळ तटाकडे बघत राहिला आणि मग त्याने विचारलं, "मग त्यांचे हात दुखले नसतील?"

कुणाकडेच उत्तर नव्हतं. शेवटी मुलांनीच तोडगा काढला, पश्चिमेचा तट अर्धवट ठेवायचा, दगड इकडे तिकडे, गवंडी कामाला, दोन माणसं सावलीत बसून हात चोळताना (ही त्याने स्वतः चिकणमातीची केली, हात जरा जाडच झालेत). जेसीबी पाण्याच्या अलीकडे मालवणच्या किनाऱ्यावर, तिथं आत्ताचा काळ, तिकीटखिडकी, होड्यांचा धक्का. आजोबांना पटलं. मला वैयक्तिक विचाराल तर अर्धवट तट ही या किल्ल्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट होती. आम्ही एवढी वर्षं किल्ले पूर्ण झालेलेच दाखवतो, कुणीतरी ते उन्हात उभं राहून बांधले हे आमच्या देखाव्यात कधी येतच नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

लायटिंग. ३५० रुपयांची एलईडी माळ आणून ठेवली होती, तटावरून सोडायची म्हणून. मुलांनी नको सांगितलं. रात्री दिवे लावले तर शत्रूला दूरून दिसेल. नियमाप्रमाणे आम्ही आमचं कारण दिलं, की संध्याकाळी बघायला लोक येतात, अंधारात काय बघणार. तर म्हणे त्यांना जवळ येऊन बघू दे. दोन्ही करून बघितलं, आधी माळ, मग मंदिरात फक्त एक पणती. पणतीने पाण्यात तट दिसत होता. माळेने फक्त माळ दिसत होती. माळ परत पिशवीत, ते पैसे गेले, दुकानदार लावून बघितलेली घेत नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

दुपारी परिसरातल्या एका किल्ले स्पर्धेचे परीक्षक आले. त्यांनी तोफा किती, बुरूज किती, प्रमाण काय विचारलं. मुलांनी विहिरी, शौचकूप, लपलेला दरवाजा आणि हात दुखणारे गवंडी दाखवले. पहिलीतल्याने त्यांना खाली झोपून बघा असं सांगितलं, ते हसून पुढे गेले. तट अर्धवट म्हणून गुण गेले, बक्षीस नाही. आठवीतल्या दोघांना लागलं, लहानांना नंबर लागला की नाही हे दुसऱ्या दिवशी विचारायचंही सुचलं नाही. पुढच्या वर्षी स्पर्धेत नाव द्यायचं की नाही हा निर्णयही मुलांवरच सोडावा असं माझं मत आहे, काही पालकांचं नाही.

संध्याकाळी पूजा झाल्यावर फटाके सुरू झाले. पहिलीतला जिन्याखाली कान झाकून. थोड्या वेळाने तो आला, एक मावळा उचलला आणि आडव्या बादलीत नेऊन ठेवला, याला तोफेचा आवाज आवडत नाही म्हणाला. याआधी एका बाबांनी त्याला सांगून बघितलं होतं की मावळे घाबरत नसतात. मला तेव्हाही ते बोलणं आवडलं नव्हतं. माणूस घाबरतो आणि तरी तटावर उभा राहतो, यात कमीपणा कुठला? डी विंगमधली एक छोटी मुलगी बघत होती, ती आपली बाहुली घेऊन आली, ठेवू का म्हणून विचारलं. मग आणखी दोघं. रात्री बघितलं तर खोलीत माणसं, बाहुली, एक प्लॅस्टिकचं कुत्रं आणि गाय-वासरू पण होतं. कुणी ठेवलं माहीत नाही. बरोबरच आहे, गाईला तर आवाजाचा सगळ्यात त्रास.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

अळीव आता खूप वाढून आडवा पडायला लागला. त्याची उगवण आणि दिवाळी यांचा मेळ बसवायचा असेल तर लक्ष्मीपूजनाच्या आधी सात दिवस पेरा, त्याच्या आधी नाही. आमचा काठचा भाग दुसऱ्यांदा पेरलेला होता तोच आज चांगला दिसतोय.

२६ ऑक्टोबर, रविवार

किल्ला काढला. महाराज, मावळे पुसून कागदात गुंडाळून आजोबांकडे. माती पोत्यात भरून बागेत. यावेळचं पाणी गोडं होतं म्हणून बादल्यांनी झाडांना घातलं. गप्पी परत ज्यांचे त्यांच्या टाकीत, जेवढे सोडले त्याहून जास्त निघाले, पिल्लं झालीत.

खर्च : माती १४ पोती ९८० रुपये, गोणपाट २००, ताडपत्री ६५०, चित्रं १,१४०, अळीव ९०, पंप ३२०, गेरू-चुना १२०, मीठ ८४ (जुळ्यांना परत दिले), माळ ३५०. एकूण ३,९३४. पुन्हा वापरता येईल असं ताडपत्री, पंप, चित्रं, माळ. वाया गेलेला वेळ म्हणजे गळतीचा पूर्ण शनिवार आणि मिठाचा गुरुवार, पैकी गळतीचा वाचवता आला असता, मिठाचा मला वाचवायचा नव्हता.

माती भरता भरता पुढच्या वर्षाचं ठरलंय. मुलांना भरती-ओहोटी पाहिजे. समुद्र एका जागी उभा राहत नाही असं त्यांचं म्हणणं आहे आणि ते बरोबर आहे, दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. आमच्या मापाला पाणी एक इंच वर-खाली करायचं तर साधारण १०० लिटर हलवावं लागेल, म्हणजे बांधाबाहेर तेवढा एक ड्रम, एक पंप आत टाकायला, एक बाहेर काढायला, दोन्ही टायमरवर. यूएसबीचा पंप एवढं पाणी किती वेळात ओढेल ते आधी मोजून बघायला लागेल. जुळ्यांचं म्हणणं पंप नको, बादल्यांनी करू, सकाळी त्या भरती आणणार, रात्री ओहोटी. तेही करून बघू.